आकडा आला, पुढे काय?

पडलेल्या पुलांची यादी समोर घेऊन बसले की एक गोष्ट अस्वस्थ करते. त्यातले बहुतेक पूल पडण्याआधी कोणी ना कोणी तपासलेले होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. आधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये त्याला किरकोळ दुरुस्तीचा शेरा मिळालेला होता. महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असे ठरले होते, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले. अमेरिकेत मिनिआपोलिसचा आय-35 डब्ल्यू पूल 1993 पासून दरवर्षी तपासला जात होता. 1 ऑगस्ट 2007 रोजी तो वाहनांसकट मिसिसिपी नदीत गेला आणि 13 माणसे दगावली. पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल तर दहा वर्षे ओळीने ‘वाईट स्थिती’ या शेऱ्यासह वाहतूक पेलत होता. 28 जानेवारी 2022 च्या सकाळी तो एका बससह खाली दरीत उतरला.

बांधकामांची प्रकृती जोखण्याचे शास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत फार पुढे गेले आहे. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवता येतात, केसाएवढ्या काचतंतूतून पुलाचा ताण वाचता येतो, उपग्रहावरून इमारतीचे मिलिमीटरभर खचणे कळू शकते. तरीही पूल पडतात, आणि पडल्यावर फायलीतून जुने अहवाल निघतात. माझ्या मते या विषयात अडलेला प्रश्न आता मोजण्याचा राहिलेला नाही. आकडा हाती आल्यावर पूल किंवा इमारत बंद करण्याचा अधिकार कोणाला, आणि तो वापरणाऱ्याच्या पाठीशी कोण, इथे सगळे अडते. मात्र तिथे पोचण्याआधी मोजमाप काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट पाहिले पाहिजे. यंत्रांवरचा भाबडा विश्वास आणि यंत्रांविषयीची बेपर्वाई, दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत.

पहिले साधन डोळा. त्याला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पूल तपासणारा जाणता माणूस रस्त्यावर फार वेळ उभा राहत नाही, तो खाली उतरतो. जोडांमधून गळणारे पाणी खांबाच्या माथ्यावर कुठे साचते, बेअरिंग मातीत बुजले आहे का, दगडाच्या सांध्यात पिंपळाने मूळ धरले आहे का, हे तो पाहतो. वर आला की कठड्याच्या टोकाशी वाकून, एक डोळा मिटून कठड्याची रेघ पाहतो. गाळा खाली बसला असेल तर ती रेघ लपवत नाही. अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचा देशव्यापी नियम आला तो सिल्व्हर ब्रिजमुळे. ओहायो नदीवरचा हा पूल 15 डिसेंबर 1967 रोजी पडला आणि 46 माणसे गेली. साखळीच्या एका पोलादी दुव्यात जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती, तिथून तो तुटला. 1971 पासून तिथे साधारण दर दोन वर्षांनी पुलाची तपासणी बंधनकारक झाली. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची तपासणीची मार्गदर्शिका आहे, आणि 2016 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पूल-मोऱ्यांची नोंदवही करायला घेतली, ज्यात दीड लाखांहून अधिक बांधकामांची नोंद झाली. नोंद होणे हीच मोठी गोष्ट होती. कित्येक जुन्या पुलांचे मूळ नकाशे कोणाकडेच नाहीत.

पण डोळ्याला जे शिकवलेले असते तेच तो पाहतो. मिनिआपोलिसच्या पुलात तुळया जिथे एकत्र येतात तिथल्या पोलादी जोडपट्ट्या मुळातच अर्ध्या जाडीच्या बसवल्या गेल्या होत्या. एक इंचाच्या जागी अर्धा इंच. ही चूक 1960 च्या दशकातल्या गणितातली. पुढे डेकची जाडी वाढली, बोजा वाढला, आणि पडण्याच्या दिवशी दुरुस्तीसाठी आणलेली खडी, वाळू आणि यंत्रे नेमकी त्याच भागावर उभी होती. चौकशीत 2003 सालची छायाचित्रे निघाली. त्यात त्या जोडपट्ट्या वाकलेल्या स्पष्ट दिसतात. तपासणारे वर्षानुवर्षे गंज आणि चिरा शोधत होते. पट्टी वाकली आहे का, हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात नव्हता. मेम्फिसमध्ये मे 2021 मध्ये दोरावर लटकून काम करणाऱ्या एका तपासनिसाला पुलाच्या मुख्य तुळईत आरपार गेलेली भेग दिसली. त्याने तिथूनच आपत्कालीन क्रमांकाला फोन केला आणि पूल ताबडतोब रिकामा झाला. नंतर शोधाशोध केली तेव्हा 2019 सालच्या ड्रोनच्या चित्रफितीतही तीच भेग सापडली. कॅमेऱ्याने ती टिपली होती. पाहिली कोणी नव्हती.

आता इमारतीत येऊ. मुंबई-ठाण्यात स्ट्रक्चरल ऑडिट हे शब्द घरोघरी पोचले आहेत. मुंबई महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांवरच्या इमारतीचे ऑडिट सक्तीचे आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. प्रत्यक्षात त्यात काय करतात?

आधी हातोडी. माठ घेताना वाजवून बघतात तसा प्लास्टर आणि कॉलम वाजवतात. खणखणीत आवाज आला तर आत काँक्रीट सांधलेले आहे, बद्द आला तर सुटले आहे. मग रिबाउंड हॅमर. दट्ट्या काँक्रीटवर आपटून किती उसळतो त्यावरून पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो. लक्षात ठेवायचे ते हे की हा आकडा वरच्या थोड्या जाडीपुरताच असतो. जुने काँक्रीट वरून कडक होत जाते, त्यामुळे तीस वर्षांच्या कॉलमवर आकडा चांगला येतो आणि माणूस फसतो. त्याच्या जोडीला ध्वनिलहरींची चाचणी करतात. कॉलमच्या एका बाजूने लहर सोडायची, दुसरीकडे ती किती वेळात पोचते ते मोजायचे. वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली आला तर संशयास्पद. आत पोकळी असेल तर लहरीला वळसा घालावा लागतो, म्हणून वेग पडतो.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती गुलाबी रंगाची चाचणी. कॉलमचा कोपरा फोडतात, धूळ झटकतात आणि ताज्या जखमेवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, ते क्षणात गडद गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जिथपर्यंत आत शिरकाव केला आहे, तिथपर्यंत रंग चढत नाही. मग फुटपट्टी लावायची, बिनरंगी पट्टा किती मिलिमीटर आहे ते बघायचे आणि सळई किती आत आहे ते बघायचे. अल्कधर्मी काँक्रीटमध्ये सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला की ते संरक्षण संपले. हा पट्टा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकतो. पहिल्या दहा वर्षांत 10 मिलिमीटर गेला असेल तर 20 मिलिमीटरला तो साधारण चाळीसाव्या वर्षी पोचेल. म्हणजे पंधराव्या वर्षी केलेली, फार खर्चिक नसलेली ही चाचणी इमारतीचे पुढचे वेळापत्रकच सांगते. आपण ती स्लॅबचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागल्यावर करतो. तोवर गंजाने सळईच्या मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापलेली असते आणि काँक्रीट आतून फुटलेले असते. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेतले क्लोराइड हेच काम आणखी लवकर करते. खाडीची रेती वापरून बांधलेल्या इमारतींत तर क्षार पहिल्या दिवसापासूनच आत असतात.

या सगळ्या चाचण्यांचे आकडे अखेर एका अक्षरावर येऊन थांबतात. सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे न हलता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. या अक्षरावर शेकडो संसार टांगलेले असतात, म्हणून त्यावर ओढाताण होते. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत जून 2022 मध्ये कोसळून 19 जण गेले. महापालिकेच्या म्हणण्याप्रमाणे ती आधी सी-1 ठरली होती. मग रहिवाशांच्या बाजूने दुसरे ऑडिट झाले आणि ती दुरुस्तीयोग्य गटात गेली. रहिवाशांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण घर सोडले की हक्क सुटेल, संक्रमण शिबिरात पिढी जाईल, पुनर्विकास रखडेल, ही भीती मुंबईत अनुभवातून आलेली आहे. जोवर घर रिकामे करणे म्हणजे घर गमावणे असा हिशेब राहील, तोवर प्रत्येक सी-1 साठी एक सी-2बी शोधला जाणारच.

वयाची अट पुरेशी नाही हेही याच राज्याने पाहिले आहे. महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली, 16 माणसे गेली. तिला दहा वर्षेही धड झालेली नव्हती. तीस वर्षांच्या ऑडिटच्या चाळणीत ती कधी आलीच नसती. इथे निगराणी बांधकाम सुरू असतानाच हवी होती: काँक्रीटचे नमुने, सळयांची मोजणी, मातीची परीक्षा. भोगवटा प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने कॉलमवर हात ठेवलेला असावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडचा धडा पैशांचा आहे. तिथल्या शॅम्प्लेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीला 2018 मध्येच अभियंत्याने लेखी कळवले होते की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबला मोठी इजा झाली आहे. दुरुस्तीचा खर्च कोट्यवधी डॉलरचा निघाला, सभासदांत वाद झाले, वर्षे गेली. 24 जून 2021 च्या मध्यरात्रीनंतर इमारत कोसळली आणि 98 जण गेले. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने कायदा केला. ठरावीक वयाच्या इमारतीची तपासणी सक्तीची झालीच, पण सभासदांनी स्ट्रक्चरल दुरुस्तीचा राखीव निधी जमवणेही सक्तीचे झाले, मतदानाने तो टाळता येणार नाही असे ठरले. आपल्या सोसायट्यांत सिंकिंग फंड कागदावर असतो. त्याची रक्कम आणि कॉलमच्या जॅकेटिंगचा खर्च यांची गाठ कधी पडत नाही.

पुलांकडे परत येऊ, आणि त्यातही सगळ्यात अवघड जागी: जिथे डोळा पोचत नाही, हातोडी पोचत नाही. ताणलेल्या केबल पोटात घेऊन उभे असलेले प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे पूल दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर झाले. केबल नळीत असते, नळी सिमेंटच्या घोळाने भरतात. भरणे अपुरे राहिले की पोकळीत पाणी साचते आणि तारा आतल्या आत गंजू लागतात. बाहेरून पूल धडधाकट दिसतो. पणजीचा मांडवी पूल वाहतुकीला खुला होऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा, 5 जुलै 1986 रोजी पडला. केबलचा गंज हे कारण. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर 1985 मध्ये, वेल्समध्ये इनिस-इ-ग्वास हा छोटा पूल याच आजाराने पडला होता. पुढे 1992 मध्ये ब्रिटनने अशा पद्धतीचे नवे पूल बांधणेच काही काळ थांबवले. आपला पहिला ठाणे खाडी पूलही याच दुखण्याने लवकर जेरीस आला. त्याला बाहेरून केबल लावून आधार द्यावा लागला आणि शेजारी नवा पूल बांधावा लागला.

जिनोआचा मोरांडी पूल या प्रकारातला सगळ्यात वेदनादायी. त्याच्या तिरप्या केबलवर काँक्रीटचे आवरण होते, म्हणून आत काय चालले आहे ते दिसत नव्हते. एका मनोऱ्याच्या केबल खराब झाल्याचे नव्वदच्या दशकातच कळले आणि तिथे बाहेरून नव्या केबल जोडल्या. दुसरा मनोरा, नववा खांब, तसाच राहिला. 2017 च्या शेवटी मिलानच्या पॉलिटेक्निकच्या अभ्यासकांनी त्याच्या केबलची कंपने तपासली, ती अपेक्षेप्रमाणे नाहीत असे कळवले आणि कायमस्वरूपी सेन्सर बसवण्याची शिफारस केली. 14 ऑगस्ट 2018 रोजी, सेन्सर बसण्यापूर्वीच, नववा खांब गेला. 43 मृत्यू. मला यात मिलानच्या अभ्यासकांचे काम फार महत्त्वाचे वाटते. जी पद्धत विद्यापीठाबाहेर निरुपयोगी म्हणून हिणवली जाते, तिने नेमक्या जागेकडे बोट दाखवले होते.

मोरबीच्या झुलत्या पुलाला तर एवढ्या बारकाव्याचीही गरज नव्हती. मुख्य केबलमधल्या 49 पैकी 22 तारा आधीच तुटलेल्या असाव्यात असे विशेष तपास पथकाला आढळले. दुरुस्तीत लाकडी फळ्या काढून जड पत्रा टाकला गेला, केबल उघडून पाहिली गेली नाही. 30 ऑक्टोबर 2022 रोजी 135 माणसे गेली.

कंपनांवरून प्रकृती ओळखण्याची कल्पना मोहक आहे. प्रत्येक पूल त्याच्या ठरावीक वारंवारतेने थरथरतो. ताठपणा घटला की वारंवारता उतरते. मग सेन्सर लावून ती ऐकत राहावे, उतरली की धोक्याची घंटा वाजवावी. अडचण अशी की वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाने बदलते. सगळ्या पुलाचा ताठपणा दहा टक्के कमी झाला तरी वारंवारता जेमतेम पाच टक्के उतरते, आणि एखाद्या गर्डरमधली चीर तर त्याहून कितीतरी कमी फरक पाडते. दुसरीकडे न्यू मेक्सिकोतल्या अलामोसा कॅन्यन पुलावर एकाच दिवसात, केवळ ऊन चढले-उतरले म्हणून, वारंवारता सुमारे पाच टक्के हलली.

याची सर्वांत प्रामाणिक परीक्षा स्वित्झर्लंडमध्ये झाली. बर्न परगण्यातला झेड-24 हा महामार्गावरचा पूल पाडायचाच होता. अभ्यासकांनी 1997-98 मध्ये जवळपास वर्षभर त्याची कंपने, तापमान, वारा, आर्द्रता नोंदवली आणि मग शेवटच्या आठवड्यांत तो मुद्दाम टप्प्याटप्प्याने मोडला. खांब खाली बसवला, काँक्रीट फोडले, केबल कापल्या. थंडीत पारा शून्याखाली गेला की डांबर कडक होऊन वारंवारता चांगलीच वर चढायची. हा ऋतूचा फरक मुद्दाम केलेल्या कित्येक मोडतोडींच्या परिणामापेक्षा मोठा होता. पण वर्षभराची नोंद हाताशी असल्यामुळे तापमानाचा भाग वजा करता आला आणि मोडतोड ओळखू आली. झेड-24 ची ती आकडेवारी आजही जगभरचे संशोधक नवी गणिते तपासायला वापरतात. त्यातून आपल्यासाठी निघते ते असे: पूल निरोगी असताना, निदान एक पूर्ण वर्ष, उन्हाळा, पावसाळा आणि थंडीसह त्याची नोंद करून ठेवली पाहिजे. आजारी पडल्यावर सेन्सर लावले तर तुलना कशाशी करणार? नवे सागरी सेतू आणि मेट्रोचे पूल होत असताना ही नोंद पहिल्या वर्षीच घेणे सगळ्यात स्वस्त पडेल.

नदीवरच्या पुलांचा मोठा शत्रू मात्र गंज किंवा चीर नाही. तो आहे पायाखालून माती वाहून जाणे. न्यूयॉर्क राज्यातला शोहारी क्रीक पूल एप्रिल 1987 मध्ये पुरात पडला आणि 10 जण गेले. वरची तपासणी वेळच्या वेळी होत होती, पाण्याखालची झालीच नव्हती. त्यानंतर अमेरिकेत पाण्याखालची तपासणी सक्तीची झाली. हा शत्रू फसवा आहे. पूर ऐन भरात असताना खांबाभोवतीचा भोवरा तळ खोल खणतो आणि पाणी ओसरू लागले की तोच खड्डा गाळाने भरतो. पावसाळा संपल्यावर गेलेल्या माणसाला तळ जागेवर दिसतो. पण तो गाळ पोकळ असतो, पुढच्या पुरात पहिल्या तडाख्यात जातो. म्हणून हे मोजायचे तर पुरातच मोजावे लागते: खांबाला बांधलेल्या सोनारने, किंवा खांब तसूभर कलला तरी सांगणाऱ्या टिल्टमीटरने. सावित्रीसारख्या घाटातून उतरून पुन्हा भरतीच्या पाण्याला भिडणाऱ्या नद्यांवर, आणि वाळूउपशाने जिथे तळ आधीच खाली गेला आहे अशा पात्रांत, मे महिन्यात कोरड्या दगडांकडे बघून दिलेला शेरा अपुरा असतो. शेरा लिहिणारा अप्रामाणिक असतो असे नाही. तो चुकीच्या महिन्यात गेलेला असतो.

सावित्रीवरचा पूल गेला त्या रात्री महाडला दोन एसटी गाड्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आणि काही मोटारी अंधारात पुलाच्या तुटक्या टोकावरून पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे गेली. पूल गेला हे जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आले, त्याने धावपळ करून पोलिसांना कळवले, तेव्हा वाहने थांबली. एका राष्ट्रीय महामार्गाची निगराणी त्या वेळी त्या एका माणसाच्या जागेपणावर उभी होती.

त्याच सावित्रीवर, थोड्या अंतरावर, कोकण रेल्वेचाही पूल आहे. वीर आणि सापे वामने या स्थानकांदरम्यानच्या या पुलाला, तसेच काळ आणि वाशिष्ठी नद्यांवरच्या पुलांना, पुराचा इशारा देणारी यंत्रणा बसवलेली आहे. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले की इशारा मिळतो. पानवळच्या उंच पुलावर आणि मांडवी, झुआरी, शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. पावसाळ्यात मार्गावर गस्त असते, मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणण्याची सूचना चालकाला आधीच दिलेली असते. फरक फक्त यंत्रांचा नाही. रेल्वेत पाणी कुठल्या खुणेला लागले की गाडी थांबवायची हे लिहून ठेवलेले आहे, आणि गस्तीवरच्या साध्या कामगारालाही लाल बावटा दाखवून गाडी उभी करण्याचा अधिकार आहे. वरिष्ठांना विचारून मग थांबवा, असे तिथे नाही. पांबनच्या जुन्या पुलाचा उचलता गाळा गंजून धोक्यात आला तेव्हा डिसेंबर 2022 मध्ये रेल्वेने गाड्या थांबवल्या. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंची गैरसोय मोठी होती, पण एप्रिल 2025 मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत गाडी पुलावर गेली नाही.

धरणांच्या बाबतीतही आपल्याकडे अशी शिस्त रुजली, कारण जबर किंमत मोजून ती शिकावी लागली. पानशेत 1961 मध्ये फुटले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. 103 मीटर उंचीच्या कोयना धरणात तेव्हा भूकंपमापक बसवलेला होता आणि त्याने तो हादरा नोंदवला. धरणाला वरच्या भागात, जिथे त्याचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला, भेगा गेल्या. नोंद हाताशी असल्यामुळे दुरुस्ती अंदाजाने करावी लागली नाही. केबल ताणून, पुढे काँक्रीटची पाठ देऊन धरण मजबूत झाले, आणि कोयनेची ती नोंद धरणशास्त्राच्या अभ्यासात अजूनही वापरात आहे. आज 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, झिरपणाऱ्या पाण्याची मोजदाद, आपत्कालीन कृती आराखडा हे सगळे मालकावर बंधनकारक आहे. शिस्त असूनही चूक होते. 2019 च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. पण निदान कोणाचे काय कर्तव्य होते हे तिथे विचारता येते. रस्त्यांवरच्या पुलांसाठी असा कायदा नाही. एखादा पूल बांधकाम खात्याचा, की जिल्हा परिषदेचा, की नगरपालिकेचा, हेच पडल्यावर शोधावे लागते.

15 जून 2025 रोजी पुण्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, कित्येक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावणे म्हणजे पूल बंद करणे नव्हे. बंद करणे म्हणजे दोन्ही टोकांना ओलांडता न येणारा अडथळा, आणि तो काढणाऱ्यावर कारवाई. जर्मनीत ड्रेस्डेनचा कारोला पूल सप्टेंबर 2024 मध्ये पहाटे तीनच्या सुमारास कोसळला, नशिबाने तेव्हा त्यावर कोणी नव्हते. आतल्या ताणलेल्या तारांना गेलेल्या चिरा हे कारण निघाले. त्याच जातीचे पोलाद वापरलेला बाड शांडाऊचा पूल दोन महिन्यांत बंद केला गेला. पुढे भारचाचणी झाली, तार तुटल्याचा आवाज टिपणारे सेन्सर बसले आणि एप्रिल 2025 मध्ये साडेसात टनांच्या मर्यादेत तो खुला झाला. सेन्सर ही इथे पूल चालू ठेवण्यासाठी घातलेली अट आहे.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या पुलावर शेकडो सेन्सर लावा, असे मी म्हणणार नाही. त्यातले निम्मे दोन पावसाळ्यांत बंद पडतील आणि उरलेल्यांचे आकडे कोणी उघडणार नाही. मोठ्या नद्यांवरचे जुने पूल निवडावेत, प्रत्येकासाठी पुराची पातळी आणि खांबाचा कल असे एक-दोन आकडे ठरवावेत आणि तो आकडा ओलांडला की पूल बंद करण्याचा अधिकार जवळच्या पोलीस ठाण्याला व शाखा अभियंत्याला लेखी द्यावा. पाऊस पडून गेल्यावर काहीच झाले नाही, म्हणून त्यांना जाब विचारला जाणार नाही, हेही त्याच आदेशात हवे. ऑडिट करणाऱ्याचे पैसे ज्याला निकाल सोयीचा हवा आहे त्याच्याकडून थेट जाऊ नयेत. अहवाल लोकांना वाचायला मिळावा, पुलाच्या टोकाला त्याचा शेवटच्या तपासणीचा दिनांक आणि भारमर्यादा लिहिलेली असावी.

आणि पर्यायाची सोय त्याच आदेशात असावी. कुंडमळ्याच्या शेतकऱ्याला पलीकडे जावेच लागते, कुर्ल्याच्या भाडेकरूला त्या रात्री कुठेतरी झोपावेच लागते. पूल बंद केल्यावर वळसा घेणाऱ्या एसटीचा जादा खर्च, शाळेच्या मुलांची वाहतूक, इमारत रिकामी केल्यावर भाड्याची रक्कम आणि हक्काचे लेखी प्रमाणपत्र, हे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरले जात नाही, म्हणून बंदचा आदेश काढणारा कचरतो आणि तो निघाला तरी लोक मोडतात. सार्वजनिक बांधकाम खाते आणि महापालिका यांना ही ओळ पुढच्या अर्थसंकल्पातच घालता येईल. त्यासाठी कुठल्या नव्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही.